तारांखालचा कारखाना

पेडल स्टील गिटार आपल्या पेटीत पालथी निजलेली असते. वादक पेटी उघडतो आणि वाद्य तसेच ठेवून, वर आलेल्या तळाच्या चार कोपऱ्यांत आट्यांचे चार पाय फिरवून बसवतो. पुढच्या दोन पायांच्या दरम्यान पेडलांची आडवी दांडी अडकवतो. मग ते धूड दोन्ही हातांनी कवेत घेऊन सुलटे करतो, आणि त्यानंतर जमिनीवर गुडघे टेकून, प्रत्येक पेडलापासून वाद्याच्या पोटापर्यंत जाणारी सळई एकामागून एक आपापल्या आकड्यात घालतो. दोन मानांचे वाद्य पेटीसकट ३० किलोंच्या घरात जाते, आणि हा सारा विधी कार्यक्रमापूर्वी एकदा व कार्यक्रमानंतर उलट्या क्रमाने पुन्हा एकदा करावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे ज्या मनुष्याने हे वाद्य उपजीविकेसाठी पत्करले तो ते एकच बाळगून स्वस्थ बसेल, अशी कोणाचीही अपेक्षा व्हावी. परंतु घडते ते नेमके विपरीत. अमेरिकेच्या टेनेसी व टेक्सास प्रांतांतील वृद्ध स्टीलवादकांच्या घरी अशा पेट्या एकीवर एक रचलेल्या आढळतात, आणि त्यांतील कोणती तरी एक काढून टाकावी असे घरच्या मंडळींनी सुचवले, तर प्रत्येकीच्या वतीने देण्यासाठी मालकाजवळ सविस्तर कैफियत तयार असते. त्या कैफियतींत तथ्य किती, हे ह्या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम वाद्याची ओळख. ते चार पायांवर आडवे उभे असते आणि वादक त्याच्यामागे बसतो. वर बहुधा दोन माना, प्रत्येक मानेवर दहा तारा. पडद्यांच्या जागी केवळ रेघा आखलेल्या, कारण तार बोटाने दाबायची नसून डाव्या हातातील गुळगुळीत पोलादी कांब तिच्यावरून सरकवायची असते. उजव्या हाताच्या अंगठ्यात व दोन बोटांत नख्या. इथवर हवाईयन गिटारीहून फारसे निराळे काही नाही. निराळेपण आहे ते कमरेखाली. डावा पाय पेडलांवर फिरतो, उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या स्वतंत्र पेडलावर असतो, आणि दोन्ही गुडघे वाद्याच्या पोटाला लोंबणाऱ्या दांड्यांना डावीकडे, उजवीकडे, क्वचित वरच्या दिशेने रेटत असतात. हातमागावर बसलेल्या विणकराचे हातपाय जसे भिन्न कामांत गुंतलेले असूनही एकाच वस्त्रासाठी झिजतात, तसा हा प्रकार आहे.

ह्या खटाटोपाचे प्रयोजन काय? आपल्या श्रोत्याला मींड परिचित आहे. एक तार खेचली वा तिच्यावरून हात सरकवला की एक स्वर दुसऱ्यात विरघळतो. पण तीन तारा एकदम छेडून त्यांतील दोन जागच्या जागी स्थिर राहाव्यात व तिसरीनेच काय ती मींड घ्यावी, असे म्हटले तर नुसत्या पोलादी कांबेने ते साधणार नाही, कारण कांब सरकली की सर्वच तारा सरकतात. पेडल हे काम करते. नॅशव्हिलच्या वादकांत रूढ झालेल्या ई-नाइन्थ जुळणीत पहिले पेडल ‘बी’ स्वराच्या तारा चढवून ‘सी शार्प’वर नेते, दुसरे पेडल ‘जी शार्प’च्या तारा अर्ध्या स्वराने उचलून ‘ए’वर बसवते, दोन्ही एकत्र दाबली की ‘ई’चा स्वरसंघ ‘ए’च्या स्वरसंघात परिणत होतो, आणि तोही तुटक उडी न घेता, डोळ्यांदेखत वितळल्यासारखा. अमेरिकन ग्रामीण गाण्यांतील तो सुप्रसिद्ध हुंदका म्हणजे ह्या दोन पेडलांचे कर्तृत्व होय.

वाद्याचे मूळ हवाई बेटांत आहे. ओआहू बेटावरील लाइए गावी १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू ह्याने शाळकरी वयात, १८८९च्या सुमारास, गिटारीच्या तारांवर धातूची वस्तू सरकवून वाजवण्याची पद्धत सिद्ध केली, असे सर्वसाधारणपणे मानतात. एका जुन्या हकीकतीप्रमाणे त्याच्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या इसमाने तेथे हा प्रकार करून दाखवला होता. हकीकत मनोरंजक आहे, पण तिच्यावर फार भार टाकता येत नाही. सान फ्रान्सिस्को येथे १९१५ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाने हवाईयन संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले. पुढे ताऊ मो नामक हवाईयन कलावंताचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिले आणि बंगालात ह्या वाद्याचा शिष्यवर्ग तयार झाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले व हजारा सिंग ह्यांनी चित्रपटगीतांच्या चाली त्यावर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. ब्रिजभूषण काबरा ह्यांनी त्यास रागसंगीताच्या बैठकीत आणले. पेडले मात्र आपल्याकडे रुजली नाहीत. त्याचे कारण दारिद्र्यात वा दुर्लक्षात शोधण्याची गरज नाही असे मला वाटते. ज्या संगीताचा सारा डोलारा एका स्वरपंक्तीवर उभा आहे, त्याला एका तारेवरची मींड पुरते, आणि स्वरसंघाच्या पोटातून एकच धागा हलवण्याची यंत्रणा त्याने विनाकारण कशाला पदरात घ्यावी?

अमेरिकेत ती गरज होती. गिब्सन कंपनीने १९४०च्या सुमारास इलेक्ट्राहार्प नावाचे पेडलयुक्त वाद्य बाजारात आणले, परंतु खऱ्या अर्थाने ह्या कुळाचा मूळपुरुष म्हणून संग्राहक ज्याचे नाव घेतात तो कॅलिफोर्नियातील डाउनी गावचा पॉल बिग्स्बी. हा मूळचा मोटारसायकलींच्या धंद्यातला, साचे व यंत्रभाग घडवणारा कारागीर. स्पीडी वेस्ट ह्या वादकासाठी त्याने १९४८ साली पेडल स्टील तयार केली, आणि वाद्याच्या दर्शनी बाजूवर मालकाचे नाव ठसठशीत अक्षरांत बसवण्याची वहिवाट पाडली. ही गोष्ट वरवर पाहता हौसेची वाटते, परंतु तिच्यात ह्या वाद्याच्या स्वभावाची सनदच आहे: वाद्य एका विशिष्ट इसमाच्या पायांसाठी, गुडघ्यांसाठी व आवडीनिवडींसाठी घडवलेले आहे, आणि दुसऱ्याने त्यावर बसावयाचे असेल तर ते आपल्या जबाबदारीवर. बिग्स्बीने एकट्याच्या बळावर हा उद्योग चालवल्यामुळे त्याची पेडल वाद्ये फार थोडी निपजली, ग्राहकांना दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागले, आणि आज त्यांतील एखादे ज्याच्या घरी आहे तो ते अनोळखी माणसाला सहसा दाखवत नाही.

बिग्स्बीच्याच वाद्यावर बड आयझॅक्स ह्याने वेब पियर्सच्या ‘स्लोली’ ह्या गाण्यात, तारा निनादत असतानाच, पेडल दाबले. गाणे १९५४ साली लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचले. तोवर पेडल हे मुख्यत्वे एका जुळणीतून दुसरीत जाण्याचे, म्हणजे केवळ सोयीचे, साधन मानले जात असे. आयझॅक्सने ते श्रोत्यांच्या कानांदेखत दाबून त्यालाच अलंकाराचे स्थान दिले. परिणाम असा झाला की देशभरातील स्टीलवादक आपापल्या साध्या वाद्यांना हाती लागेल त्या लोखंडी सामानातून पेडले जोडू लागले, आणि वादक व यंत्रकारागीर ह्यांच्यातील सीमारेषा पुसट झाली. ती अजूनही पुरती उमटलेली नाही. जेरी बर्डसारखा अपवाद सोडावा. रिकेनबॅकरच्या बेकेलाइटच्या वाद्यावर अलौकिक स्वर काढणाऱ्या त्या कलावंताने पेडलांचा मोह निग्रहाने टाळला आणि उत्तरायुष्यात, वाद्याच्या मायभूमीस, हवाईस, जाऊन राहिला.

आता संग्रहाच्या मुळाशी येऊ. आयझॅक्सच्या वाद्यात जे दोन बदल एकाच पेडलाने घडत, ते दोन पेडलांत विभागण्याची कल्पना इंडियानातील मिशावाका येथे १९३७ साली जन्मलेल्या बडी एमन्सला सुचली, आणि जवळपास त्याच काळात जिमी डे ह्यासही. दोघांनी पेडले मात्र परस्परविरुद्ध क्रमाने मांडली: एमन्सचे पहिले पेडल जेथे, तेथे डेचे तिसरे. आजही वादकांत एमन्स-मांडणीचे व डे-मांडणीचे असे दोन पंथ आहेत, आणि एका पंथातील मनुष्य दुसऱ्याच्या वाद्यापाशी बसला म्हणजे त्याची अवस्था डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्याच्या हाती उर्दू बोरू द्यावा तशी होते. ह्या दोन मांडण्यांत पुढे गुडघ्यांच्या दांड्यांची भर पडली. कोणता दांडा ‘ई’च्या तारा उतरवतो, कोणता चढवतो, कोणता अर्ध्यावर थांबतो, ह्याचा तपशील वादक एका तक्त्यात भरून ठेवतात व त्यास कोपेडंट म्हणतात. एकाचा तक्ता दुसऱ्याशी तंतोतंत जुळेल हा योगायोगच. म्हणजे हे वाद्य उसने मागता येत नाही. परगावी गेल्यावर यजमानाने आणून ठेवलेल्या वाद्यावर कार्यक्रम निभावून नेणे सतारियाला जमेल, स्टीलवादकाला जमणे दुरापास्त. एकाहून अधिक वाद्ये पदरी असण्याचे पहिले व अत्यंत सरळ कारण हेच होय, की स्वतःचा तक्ता केवळ स्वतःपाशीच असतो.

एमन्सने १९५७ साली शॉट जॅक्सन ह्याच्याबरोबर नॅशव्हिल येथे शो-बड नावाचा कारखाना काढला. भागीदारांच्या नावांचे तुकडे जोडूनच ते नाव झाले. शो-बडची वाद्ये ओळखण्यास सोपी, कारण त्यांच्या पडद्यांच्या रेघांमध्ये पत्त्यांच्या डावातील बदाम, इस्पिक, चौकट व किलवर जडवलेले असत. पुढे १९६३ साली एमन्स बाहेर पडला आणि नॉर्थ कॅरोलिनातील बर्लिंग्टन येथे रॉन लॅशली ह्याच्या साहाय्याने स्वतःच्या नावाची कंपनी उभारली. एका वादकाने दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची स्थापना करावी आणि उरलेल्या वादकांनी कोणते घराणे श्रेष्ठ ह्यावर साठ वर्षे वाद घालावा, असे उदाहरण वाद्यांच्या इतिहासात विरळाच.

हा वाद निव्वळ नावांचा नाही. एमन्सच्या मूळ यंत्रणेस पुश-पुल म्हणतात. वाद्याच्या उजव्या टोकाला प्रत्येक तारेखाली धातूचे एक चलबोट असते. तार त्याच्यावरूनच वळून खाली उतरते, आणि बोट एका बाजूस कलले की तार ताणली जाते, दुसऱ्या बाजूस कलले की सैल पडते. पुश-पुलमध्ये तार मोकळी असताना हे बोट आपल्या अडणीवर घट्ट टेकून विसावते, आणि नादाची जी भरीव, घोटीव दीर्घता त्या वाद्यांत ऐकू येते तिचे श्रेय जाणकार ह्या घट्ट टेकण्यास देतात. परंतु हीच यंत्रणा एखादा नवा बदल बसवावयाचा म्हटले की मालकाला जेरीस आणते. नंतर सर्वत्र रूढ झालेल्या ऑल-पुल पद्धतीत सर्व सळया एकाच दिशेने ओढतात, प्रत्येक सळईच्या टोकाला नायलॉनचे एक बारीक बोंड असते, आणि लहानशा किल्लीने ते पाव वळसा फिरवले की तो बदल सुरात येतो. सोय अपार, पण जुन्या कानांना तो आधीचा नाद तेथे सापडत नाही. म्हणून पुष्कळ वादक दोन्ही बाळगतात: दौऱ्यावर नेण्यास ऑल-पुल, ध्वनिमुद्रणासाठी पुश-पुल. त्यातही कोणाला लाखेच्या झिलईचे मॅपल हवे, कोणाला त्याच आकृतीचे पण वर प्लास्टिकचा पातळ पत्रा चढवलेले. कोणाला मान लाकडाची, कोणाला ॲल्युमिनियमची. ह्या भेदांपैकी काही कानाला खरोखर कळतात आणि काही केवळ मालकालाच कळतात, असे माझे मत आहे. परंतु मालकाला जे कळते त्याने त्याचे वाजवणे बदलत असेल, तर त्यास निव्वळ भ्रम म्हणून निकालात काढणे न्यायाचे होणार नाही.

एक दोष तर प्रत्येक वाद्यात असतो आणि प्रत्येकात निराळा असतो. पेडल दाबले असता त्या ओढीने लाकडाचे अंग यत्किंचित वाकते, आणि ज्या तारांना हातही लागलेला नाही त्या केसभर उतरतात. चांगल्या वाद्यात हा उतार कानाआड जातो, वाईट वाद्यात गाणे बिघडवतो. पण अनुभवी वादकाला आपल्या वाद्याचा उतार पाठ असतो, आणि त्याची कांब त्या क्षणी नकळत त्या मानाने पुढे सरकते. असा हात एका वाद्यावर तीस वर्षे बसला, की नवे व निर्दोष वाद्य त्याला बेसूर वाटू लागते!

म्हणूनच ह्या क्षेत्रात जी माणसे एकाच वाद्याला चिकटून राहिली त्यांचेही कौतुक करावेसे वाटते. लिओ फेंडरच्या कारखान्यातील पेडल स्टीलमध्ये सळयांऐवजी पोलादी दोर असत, व धंदेवाईक वादकांपैकी बहुतेकांनी ती लवकरच सोडून दिली. परंतु राल्फ मूनीने त्याच फेंडर वाद्यावर कॅलिफोर्नियाच्या ग्रामीण संगीताचा चेहरा घडवला, आणि फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या स्नीकी पीट क्लाइनाउ ह्याने आठ तारांची, एकाच मानेची फेंडर ४०० दीर्घकाळ सोडली नाही. लॉइड ग्रीनने तर उलट दिशेने संग्रह केला, म्हणजे वजाबाकीने: आपल्याला मागची मान लागत नाही हे ओळखून त्याने ती काढून टाकली, तिच्या जागी मनगट टेकण्यास गादी बसवली, आणि शो-बडने ह्याच रचनेचे एलडीजी हे वाद्य विक्रीस काढले. टॉम ब्रम्ली झेडबी वाद्ये वाजवता वाजवता त्या कंपनीचाच मालक झाला. त्याच झेडबीचे एक वाद्य जेरी गार्सियाने १९६९ साली घेतले, थोड्याच अवधीत ‘टीच युअर चिल्ड्रन’ ह्या गाण्यात त्यावर अजरामर वादन केले, मग वर्षानुवर्षे ते वाद्य बाजूला ठेवले, आणि १९८७ साली बॉब डिलनबरोबरच्या दौऱ्यात काही काळ पुन्हा पेडलांपाशी बसला. एवढ्या खंडानंतर पायांना जुना तक्ता आठवला कसा, हे कोडेच आहे.

कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळींच्या ‘हाउस ऑफ गॉड’ चर्चमध्ये १९३०च्या दशकापासून उपासनेत स्टील गिटार वाजत आली आहे. तेथे वाद्य व विद्या दोन्ही काकाकडून पुतण्याकडे, एका मंडळीतून दुसरीत अशी चालत येते, आणि रॉबर्ट रँडॉल्फच्या तेरा तारांच्या वाद्याने हा नाद चर्चबाहेरील जगापुढे आणला. ह्या परंपरेला स्वतंत्र प्रकरण हवे.

संग्रह सांभाळणे हा पुन्हा निराळा व्यवसाय आहे. १९७०च्या दशकातील शो-बडमध्ये पोटातील काही भाग स्वस्त मिश्रधातूच्या ओतकामाचे होते. ते वयपरत्वे ठिसूळ होऊन पेडल दाबताच मोडतात, आणि त्यांची जागा भरण्यासाठी लेथवर एकेक तुकडा कातून देणारे कारागीर शोधावे लागतात. नॅशव्हिलला मे २०१०च्या महापुराने जी अद्दल घडवली ती तेथील वादक विसरणे शक्य नाही: कंबरलँड नदीचे पाणी साउंडचेक नावाच्या प्रचंड वखारीत शिरले, जेथे शहरातील असंख्य धंदेवाईक वादकांनी आपली वाद्ये सुरक्षित म्हणूनच ठेवलेली होती. साध्या गिटारीचे लाकूड वाळवता येते. पेडल स्टीलच्या बाबतीत लाकूड फुगते, झिलई उचलली जाते, आणि त्याखेरीज शेकडो आटे, सळया व सांधे गंजून एकमेकांना धरून बसतात, म्हणजे वाद्य वाचवावयाचे तर प्रथम ते अस्तित्वातून नाहीसे करून, सुट्या भागांच्या ढिगातून पुन्हा उभे करावे लागते.

मालकाच्या पश्चात काय होते, हा प्रश्न ह्याहून बिकट. वारसांना त्या पेट्यांचे वजन तेवढे ठाऊक असते. विकत घेणारा बहुधा दुसरा वादकच असतो, आणि घरी नेल्यावर त्याचे पहिले काम म्हणजे वाद्य पालथे घालून, जुन्या धन्याच्या सळया उपसून, आपल्या तक्त्याप्रमाणे नव्या बसवणे. दोन तासांत एका मनुष्याच्या चाळीस वर्षांच्या सवयींचे दफ्तर पुसले जाते. संग्रहालयांचे कैवारी ह्याला विध्वंस म्हणतील. मला तसे म्हणवत नाही. काचेआड सुलट्या ठेवलेल्या वाद्याची जी बाजू वाचण्याजोगी, तीच तेथे कोणाला दिसत नाही. आणि ज्या एमन्सच्या मांडणीला आज वादक प्रमाण मानतात, ती तरी आयझॅक्सचे एक पेडल फोडून त्याची दोन केल्यानेच जन्मास आली. खरेदीदाराने सळया उपसण्यापूर्वी जुना तक्ता कागदावर उतरवून पेटीच्या झाकणात डकवावा, एवढेच त्याच्याकडे मागणे आहे. काही वादक हे करतातही, आणि मग पुढच्या खरेदीदाराला त्या झाकणात दोन कागद सापडतात.